दिसतात सारखे, पण जात वेगळी

मा. संपादक,
गोड्या पाण्यातल्या झिंगे, खेकडे, डाफ्निया (पाणपिसवा) वगैरेंची जात नुसतं बघून ठरवणं आता पुरत नाही. हायलेला अझ्टेका हा तांदळाच्या दाण्याएवढा जीव घ्या, पाणी किती विषारी ते तपासायला लॅबमध्ये सर्रास वापरतात, भिंगाखाली पाय-मिशा सगळं सारखंच, पण डीएनए बघितला तर एका नावाखाली कितीतरी जाती निघाल्या आणि त्यातल्या काहींना कीटकनाशक सहन होतं, काही पटकन मरतात! मग टेस्टचा रिझल्ट नक्की कोणाचा धरायचा? जात ओळखायला सीओआय या जीनचा (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधला) साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचतात ते चांगलंच, पण तो आईकडूनच येतो, संकर त्यात कळत नाही, म्हणून न्यूक्लियर (पेशीच्या केंद्रातला, आईबाप दोघांकडून येणारा) डीएनए आणि शरीररचनाही बघा. आणि लॅबने आपला जीव कुठल्या वंशाचा ते रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं.

- एक वाचक