प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांसाठी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

फळमाश्यांवरचा आमचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, गेल्या आठवड्यात छापून आला. शेवटी आभाराचा परिच्छेद आहे. त्यात अनुदान देणाऱ्या खात्याचं नाव आहे, माश्यांचे वाण पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्राचं आहे. तुमचं नाही. मी आधी घातलं होतं. मग ‘वैज्ञानिक योगदान असेल त्यांचीच नावं’ असं ठरलं आणि मी गप्प बसले. ती चुटपुट जाईना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तरी नाव घालू का, असं फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, “मावशीच लिही. सगळे तेच म्हणतात.”

मुलगी सात महिन्यांची होती तेव्हा मी कामावर परत आले. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, ती संपली होती. आणि फळमाश्या कुणासाठी थांबत नाहीत. कोशातून बाहेर पडलेल्या मादीचं २५ अंशांत साधारण आठ तास मीलन होत नाही. आपण ठरवलेल्या नराशी तिचा संकर करायचा तर तेवढ्या वेळात तिला नरांपासून वेगळं काढावं लागतं, नाहीतर पुढची अख्खी पिढी वाया. म्हणजे सकाळी माश्या वाढतात ती बाटली झाडून रिकामी करायची, आठ तासांच्या आत माद्या निवडायच्या, संध्याकाळी पुन्हा रिकामी करून रात्रीपुरती १८ अंशांच्या खोलीत ठेवायची. थंडीत सगळं मंदावतं, आठाचे सोळा तास मिळतात. पण पाळणाघर सहाला बंद व्हायचं, आणि पोहोचायलाच पाऊण तास लागायचा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझी धावपळ बघितलीत आणि एक दिवस म्हणालात, “मला दाखव, मी करते. माश्यांचं खाणं निवेपर्यंत मला थांबावंच लागतं.” बाटली उलटी धरून टिचक्या मारत माश्या झाडणं तुम्ही दोन दिवसांत शिकलात. एकही माशी आत राहिलेली मी कधी पाहिली नाही. पुढची दोन वर्षं माझ्या निळ्या पट्टीच्या बाटल्या रोज संध्याकाळी तुमच्या हातून थंड खोलीत गेल्या. मुलीला ताप आला त्या रात्री तुमचा फोन आला होता, “बाटल्या ठेवल्यात. तू पोरीकडे बघ.” फोन ठेवून मी रडले होते.

आणि ते कोठार! दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची आणि दूध काढायला बाथरूमखेरीज जागा नव्हती. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवत नाहीत, तो नियम योग्यच आहे. पण मग दूध ठेवायचं कुठे? माश्यांचं खाणं शिजतं त्या मीडिया किचनमागचं कोठार तुम्ही उघडून दिलंत. मक्याच्या पिठाची पोती सरकवलीत, स्टूल पुसलंत, दोरीवर तुमची जुनी हिरवी साडी टाकलीत. “बस निवांत. मी दारात आहे.” बाहेर पातेल्यात पीठ, साखर, यीस्ट आणि खाणं घट्ट करणारं अगर-अगर रटरटत असायचं आणि बुरशी रोखणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लाचा तो नाकाला झोंबणारा वास आत यायचा. मला तो आजही आवडतो. मी बाहेर येईपर्यंत कॅन्टीनमधून आणलेला बर्फ डब्यात भरून तयार असायचा.

जिन्यातलं जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं पोस्टर आठवतं? तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं होतं: १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, पुढे १९३९मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. सगळं ऐकून तुम्ही विचारलंत, “त्यांची मुलं कोण सांभाळायचं?” मला सांगता आलं नाही. त्यानंतर मी महिला शास्त्रज्ञांवरची किती भाषणं ऐकली असतील, पण हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला मला आठवत नाही.

रविवारी पेपरची छापील प्रत घेऊन येते. तिसऱ्या आकृतीत ठिपके आहेत. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे तुम्ही शिजवलेल्या खाण्यावर वाढलेली एक माशी. मुलगीही येणार आहे; तुम्हाला दाखवायला तिने माशीचं चित्र काढलंय, लाल डोळ्यांचं.

आणि एक राहिलंय. तुमची तिन्ही मुलं लहान होती, तेव्हाही तुम्ही सकाळी सातलाच घर सोडत होतात. तुमच्यासाठी दारात कोण उभं राहिलं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. रविवारी विचारणार आहे. चहा मी करेन, तुम्ही बसायचं.

तुमची,
निळ्या पट्टीवाली