तुझा फोन ठेवल्यानंतर

नाशिक रोड,
रविवार, सायंकाळ

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. तुझा राग योग्य होता, हे आधी लिहितो. बापाच्या जठरात कर्करोग निघतो, मुंबईला जाऊन तो काढून येतो आणि मुलीला ते महिन्याने, तेही आत्याच्या तोंडून कळते, असे व्हायला नको होते. तुझ्या आईवर रागावू नकोस. तिला गप्प बसायला मीच सांगितले होते.

आता सारे नीट सांगतो. जेवणानंतर पोट जड वाटे म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा जठराच्या खालच्या भागात दीड सेंटिमीटरचा लालसर, किंचित खोलगट डाग दिसला आणि तपासायला पाठवलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला. तो अस्तराच्या वरच्या थरातच होता. असा लहान, वरवरचा रोग जठराजवळच्या लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पोचलेला असण्याची शक्यता फारच कमी असते, म्हणून पोट न उघडता तो तोंडावाटे काढता येतो. भूल दिल्यावर डॉक्टरांनी डागाभोवती खुणेचे ठिपके उमटवले, अस्तराखाली द्रव सोडून तो भाग उचलून घेतला आणि विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने कडेने कापून, खालून सोलवटत, एकसंध बाहेर काढला. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली ही पद्धत आहे. तुकडा एकसंध निघाला की त्याच्या कडा आणि तळ दोन्ही तपासता येतात. माझे दोन्ही स्वच्छ आले. रक्तस्रावाचा आणि जठराला छिद्र पडण्याचा धोका होता, पण तसे काही झाले नाही. आतली जखम साधारण दोन महिन्यांत भरेल.

तुला कळवायचे नाही असे ठरवले, तेव्हा डोळ्यांपुढे तुझे आजोबा, आप्पा होते. १९८८ साली त्यांचे निम्म्याहून अधिक जठर काढले, तरी रोग आधीच ग्रंथींत गेलेला होता. शेवटच्या महिन्यांत मी त्यांना स्कूटरवरून गोदेच्या घाटावर नेत असे. मागे कोणी बसले आहे हे जाणवू नये, इतके ते हलके झाले होते. त्यांना कोणी वेळेवर दुर्बीण घातली नाही, आणि आम्हीही आम्लपित्त म्हणून सोडा देत राहिलो.

मनू, तू ती आम्लपित्ताची गोळी अजून रोज घेतेस का?

हे विचारायचे नाही असे ठरवून लिहायला बसलो होतो. पण आधी आप्पा, मग मी, आणि तुझी ती जळजळ दोन वर्षांची. माझ्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. तो बहुधा लहानपणी घरातल्या घरातच लागतो, आणि तू तर पाच वर्षांची होईपर्यंत माझ्याच ताटात जेवत होतीस. हा जंतू शोधणाऱ्या दोघा ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळाले, ती बातमी तूच नववीत असताना कापून वहीत चिकटवली होतीस. कपाटातून ती वही काढली. शेजारी तुझ्या अक्षरात जठराची आकृती आहे, आणि ती मी तुझ्या आईला दोनदा दाखवली.

श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत हा जंतू कळतो. मात्र तुझी गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागेल, नाहीतर जंतू असूनही चाचणीत दिसत नाही. दुर्बिणीचेही त्यांना विचार, आणि आप्पांचे व माझे दोन्ही सांग. एकच सांगून थांबू नकोस. जंतू निघालाच तर चौदा दिवसांची औषधे असतात. मलाही ती दिली, कारण डाग गेला तरी बाकीचे अस्तर तेच आहे आणि त्यात नवा डाग उमटू शकतो. त्यासाठी मला दरवर्षी दुर्बीण करावी लागेल.

रात्री अकराला जेवणे सोड, खारवलेल्या मिरच्या रोज खाऊ नकोस... पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. बंगळूरात एकटीने घर, नोकरी आणि ईशान हे सारे सांभाळणाऱ्या मुलीला मी जेवणाची वेळ सांगावी, हे बरे नव्हे. पण चाचणी मात्र कर.

माझ्या पुढच्या दुर्बिणीची तारीख ठरली की आईच्याही आधी तुला कळवीन. तुझ्या चाचणीची तारीख तू मला कळव. अजून राग असेल तर आईला सांग, ती मला सांगेल.

तुझे,
बाबा