‘ऑफ-रोडिंग’ कोकणाला नवे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात रत्नागिरीजवळ भरलेल्या जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्याचे सचित्र वृत्त वाचले. तरुण मंडळी पदरमोड करून भंगारातल्या गाड्या पुन्हा चालत्या करतात, याचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र त्या वृत्तातील दोन गोष्टी खटकल्या. पहिली किरकोळ आहे. छायाचित्राखाली जिला ‘बुलेट’ म्हटले आहे ती येझदी आहे. दोन बाजूंना दोन सायलेन्सर आहेत आणि किकचाच दांडा पुढे वळवला की तो गिअरचा होतो, हे चित्रातही दिसते. दुसरी गोष्ट शीर्षकाची. ‘ऑफ-रोडिंगचा (म्हणजे पक्का रस्ता सोडून गाडी चालवण्याचा) परदेशी छंद कोकणात दाखल’ हे वाचून माझ्या पिढीतील अनेकांना हसू आले असेल. आमच्याकडे डांबर संपले तरी गाडी पुढे न्यावीच लागे, कारण नोकरी पुढच्या गावात असे.

माझे वडील पशुवैद्यकीय खात्यात होते, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘गुरांचे डॉक्टर’. १९७४ साली त्यांनी राजदूत घेतली. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली ही १७३ सीसीची टू-स्ट्रोक गाडी, तीन गिअरची आणि वेगाच्या बाबतीत अगदी बेताची. पण गुहागर तालुक्यातील सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा उघडा कातळ, चिऱ्यांच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), भाताच्या मळ्यांचे बांध आणि पावसाळ्यात गुडघाभर वाहणारे पऱ्ये यांतून ती औषधांच्या पेटीसह जात असे. दाभोळच्या खाडीत २००३मध्ये फेरीबोट सुरू झाली. त्याआधी दापोलीकडे जायचे तर धोपाव्याच्या तरीवर चार गडी मिळून गाडी होडीत चढवत आणि वडील मागे उभे राहून आरशाला धक्का लागणार नाही ना, एवढेच पाहत.

अशा गाड्या ज्यांनी विकल्या आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी त्या इथल्या मातीत टिकवल्या, त्या जुन्या विक्रेत्यांचा आपल्या वृत्तात एका ओळीचाही उल्लेख नाही. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. तेव्हा ‘शोरूम’ हा शब्द रूढ नव्हता, ‘एजन्सी’ म्हणत. चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या माहितीची जी एजन्सी होती, ती म्हणजे लाकडी फळ्या लावून बंद होणारे एक दुकान होते. पुढच्या खोलीत एक जावा (पुढे येझदी), तिच्याशेजारी पाण्याचे पंप आणि पत्र्याच्या डब्यांतून क्रमाने लावलेले सुटे भाग, तर मागच्या पडवीत मिस्त्री. नवी गाडी ट्रकने घाट उतरून येई. गिऱ्हाईक नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून ती घेऊन जाई, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीच एस.टी.ने आमच्या गावी येऊन, जेवून, संध्याकाळच्या गाडीने परत जाई.

त्या दुकानाच्या भिंतीवर एक रंगीत चित्र होते. युरोपात भरणाऱ्या ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ या स्पर्धेत एक जावास्वार चिखलातून वर चढतो आहे, असे काहीसे. सहा दिवस डोंगरदऱ्यांतून गाडी आणि स्वार या दोघांचीही परीक्षा पाहणाऱ्या या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या जावा आणि सीझेड या गाड्यांचा दबदबा होता. सीझेडवरच बेल्जियमच्या जोएल रोबेर याने १९६४ साली २५० सीसी मोटोक्रॉसचे, म्हणजे कच्च्या वाटेवरील शर्यतीचे जगज्जेतेपद मिळवले. वडिलांनी ते चित्र पाहून, ‘यांना एकदा श्रावणात हेदवीच्या वाटेवर आणा,’ असे म्हटल्याचे मला आठवते. यात थोडी फुशारकी होती, पण मिस्त्रीला ती पटली असावी. जावाची साखळी पत्र्याच्या पेटीत पूर्ण बंद असते, त्यामुळे लाल माती आत जात नाही आणि कोकणात ही गाडी टिकते, हे गाडीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे करून त्यानेच मला समजावले होते.

मृगाच्या आधी दुकानासमोर गाड्यांची रांग लागे. खाऱ्या हवेने रिम आणि तारा गंजू नयेत म्हणून खालच्या अंगाला काळे ऑइल मारायचे, प्लगच्या टोपणात ग्रीस भरायचे, पॉइंट घासून घ्यायचे, हे तर सर्वांसाठीच. पण सड्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना एक खास काम असे. येझदीचे दोन्ही सायलेन्सर खाली लोंबत असल्याने दगडाला घासत. मिस्त्री जादा पट्टी वेल्ड करून ते चार बोटे वर घेई, पुढचा मडगार्डही चिखल अडकू नये इतका उचले. हल्लीच्या मंडळींनी आपल्या गाडीला ‘स्क्रॅम्बलर’ (खडबडीत वाटेवर चालेल अशी गाडी) करण्यासाठी हौसेने जे केले आहे, ते आमच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गरजेपोटी झालेले होते. मडगार्ड करवतीने कापून फेकण्याची हल्लीची पद्धत मात्र मला पसंत नाही. आमचा मिस्त्री कापत नसे, उचलत असे.

या तपशिलाला आज कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली दुचाकी त्यात बसते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षांची आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९७८ साली आलेल्या येझदीच्या पहिल्या रोडकिंगलाही २०२८पर्यंत थांबावे लागेल, आणि १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १०० तर २०३५पर्यंत या व्याख्येत येणारच नाही. ज्याला गाडी रोज बागेत न्यायची आहे, त्याला हा नियम उपयोगी नाही, हे मान्यच करावे लागते. पण ज्याला ती जपायची आहे, त्याने ‘मूळ स्वरूप’ सिद्ध कसे करायचे? सायलेन्सर वर घेणे हा चासीतील फेरफार नाही, हे खरे. तरीही माझ्या एका स्नेह्याला तपासणीच्या वेळी हे समजावताना दोन हेलपाटे पडले. एजन्सीचे जुने बिल दाखवता आले असते, तर पाच मिनिटांत विषय संपला असता.

आणि नेमकी हीच कागदपत्रे नाहीशी होत आहेत. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा अनेक एजन्सींनी फळ्या लावल्या त्या कायमच्याच. चिपळूणच्या त्या दुकानाचे बरेचसे दप्तर २००५च्या पुरात भिजले आणि उरलेले २२ जुलै २०२१च्या पुरात गेले. मिस्त्री आज हयात नाहीत.

टू-स्ट्रोक गाड्या धूर सोडतात, हे मी नाकारत नाही. सड्यावर गाड्या फिरवणाऱ्यांनी तेथील कातळशिल्पांवरून चाके नेऊ नयेत, हेही कळकळीने सांगतो, कारण ती चित्रे पायाखाली सहज दिसत नाहीत. परंतु मेळावा भरवणाऱ्यांनी गाड्यांना पॉलिश करण्याइतकाच वेळ जुन्या एजन्सींच्या घरी जाऊन बिलबुके, सुट्या भागांचे कॅटलॉग आणि डिलिव्हरीच्या वेळी काढलेले फोटो गोळा करण्यासाठी द्यावा. रत्नागिरीचे १८२८ सालचे नगर वाचनालय आणि चिपळूणचे १८६४पासून चालत आलेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर यांनी अशा कागदांसाठी एखादे कपाट राखून ठेवावे, अशी त्यांना विनंती आहे. आपल्या दैनिकानेही वाचकांना आवाहन करून असे फोटो मागवले, तर पुष्कळ काही मिळेल.

माझ्यापुरते सांगायचे तर, त्या चिपळूणच्या एजन्सीच्या मालकांच्या सुनेने माळ्यावर राहिलेले एक बिलबुक गेल्या महिन्यात माझ्या हवाली केले आहे. ते मी वाचनालयाला देणार आहे. त्यात १९८३ सालच्या मे महिन्याच्या एका पानावर, वाळवी लागलेल्या कोपऱ्याच्या जरा वर, मिस्त्रीच्या अक्षरात लिहिले आहे: ‘येझदी. सायलेन्सर दोन्ही वर घेतले. पट्टी २. मजुरी नाही, मास्तरांची गाडी.’

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी