युक्काला पाणी बेतानेच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या पानावर देखभालीशिवाय वाढणाऱ्या झाडांच्या यादीत युक्काचे नाव वाचले. गेली अनेक वर्षे मी कुंडीत आणि जमिनीतही युक्का वाढवत आहे आणि हे झाड काटक आहे याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ‘देखभालीशिवाय’ या शब्दावर विसंबून लावलेले कितीतरी युक्का वर्षा-दोन वर्षांत सडून गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

युक्का हा घायपाताचा जवळचा नातलग. त्याच्या ४० ते ५० जाती असून त्या मूळच्या अमेरिका खंडातल्या, त्यातही प्रामुख्याने मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील कोरड्या प्रदेशांतल्या आहेत. जाड मुळे, खोड आणि मेणचट पाने यांच्या बळावर तो पाण्याचा ताण सहज सोसतो. मुळांशी साचलेले पाणी मात्र त्याला मुळीच सोसत नाही. घोटाळा असा होतो की मुळे सडू लागली की ती पाणी ओढू शकत नाहीत, पाने लोंबू लागतात, ती पाहून झाड तहानले आहे असे वाटते आणि आपण आणखी पाणी घालतो.

माझा छातीइतका उंच झालेला एक युक्का अगदी असाच गेला. खालची पाने पिवळी पडून वाळणे हे नेहमीचेच असते, त्याची काळजी करण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी शेंड्यातले मधले पान नुसते धरले तर अलगद हातात आले आणि त्याचे बूड तपकिरी, बुळबुळीत व आंबूस वासाचे होते. खोड दाबून पाहिले तर मातीलगत बोट आत रुतत होते. सुदैवाने त्या झाडाला दुसरा एक शेंडा होता. त्याच्याखाली खोड थोडेथोडे कापत, आतला भाग स्वच्छ पांढरा आणि टणक लागेपर्यंत मी वर सरकत गेलो, खालची पाने काढून टाकली, तो तुकडा आठवडाभर सावलीत ठेवून काप कोरडा होऊ दिला आणि मग भरड वाळूत उभा केला. वाळू जेमतेम ओलसर ठेवली. काही आठवड्यांनी त्याला मुळे फुटली आणि आज ते झाड माझ्या बागेत उभे आहे. कापल्या कापल्या ओल्या मातीत खोचलेले तुकडे मात्र बहुधा कुजतात, म्हणून वाळवण्याची ही पायरी कोणी गाळू नये.

त्यामुळे युक्काची खरी देखभाल लावण्याआधीच करायची असते. चिकण माती असेल तर तीत भरड वाळू आणि बारीक खडी भरपूर मिसळावी किंवा जागा उंचवट्याची निवडावी. कुंडीला भोक हवेच आणि तिच्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. वरची ४-५ सेंटिमीटर माती बोटाने चाचपून पूर्ण कोरडी लागली तरच भरपूर पाणी घालावे, थंडीच्या दिवसांत त्याहूनही कमी. ऊन जितके मिळेल तितके चांगले. फक्त घरात वाढलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पानांवर पांढरट चट्टे पडतात, तेव्हा सवय हळूहळू करावी. खताचे फार मनावर घेऊ नये.

घरात ठेवण्यासाठी मिळतो तो युक्का बहुधा जाड खोडाचे तुकडे करून, त्यांना मुळे फोडून तयार केलेला असतो. वरच्या कापावर मेण लावलेले दिसते ते त्यामुळेच. कुंडीत आटोपशीर दिसणारी ही जात उबदार हवेत जमिनीत लावली तर ८-९ मीटरपर्यंत उंच जाते आणि तिचे बूड हत्तीच्या पायासारखे फुगते. भिंतीला खेटून ती लावणाऱ्यांना पुढे पस्तावावे लागते.

जातीचा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेख नव्हता, याचे मला वाईट वाटले. वरील जातीच्या पानांची टोके मऊ असतात. परंतु ‘स्पॅनिश बायोनेट’ म्हणून ओळखली जाणारी जात नावाप्रमाणेच संगिनीसारखी टोकदार असते. खाली वाकून तण काढताना तिच्या पानाचे टोक डोळ्यात किंवा थेट कानात शिरून पडद्याला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. पायवाटेलगत आणि मुले खेळतात तिथे ही जात लावूच नये. लावलेली असेल तर तिच्याजवळ चष्मा घालूनच काम करावे.

फुलांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘तुरा आला, पण फळ धरले नाही, आमचे काय चुकले’ असे पुष्कळ जण विचारतात. यात चूक कोणाचीच नसते. युक्काचे परागीभवन एक विशिष्ट छोटा पतंग करतो. त्याची मादी परागकणांची गोळी करून दुसऱ्या फुलावर नेते, बीजांडकोशात अंडी घालते आणि मग ती गोळी स्वतः कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, दाबून बसवते. तिच्या अळ्या काही बिया खातात आणि उरलेल्या झाडाला मिळतात. हा पतंग जिथे नाही तिथे बहुतेक जातींना बी धरत नाही. फुले सुकल्यावर दांडा बुडाशी कापावा आणि नवी रोपे फुटव्यांपासून करावीत.

आणखी एक खुलासा. कसाव्याच्या खाण्याच्या कंदाला स्पॅनिश भाषेत ‘युका’ म्हणतात आणि या नामसाधर्म्यामुळे बागेतल्या युक्काचे मूळही खाता येते असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. युक्काच्या मुळांत फेस आणणारे सॅपोनिन असते, मुळे साबणासारखी वापरली गेली आहेत ती त्यामुळेच. कुत्र्या-मांजरांनी झाड चघळले तर त्यांना उलट्या होऊ शकतात.

यापुढे अशा यादीत छायाचित्राखाली जातीचे नाव आणि टोक मऊ की धारदार एवढे दोन शब्द छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक