'वाद मिटला' म्हणजे नेमकं काय झालं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोकन्यायालय झालं की दुसऱ्या दिवशी अंकात 'इतक्या प्रकरणांत समेट' अशी बातमी येते. त्या एका आकड्यात बँकेची थकबाकी, बांधाचा दावा आणि पोटगीचा अर्ज असं सगळं एकत्र असतं. बँकेने थोडं व्याज सोडलं तर ती तडजोड. नवराबायको पुन्हा नांदू लागली तर दिलजमाई. भावाभावांनी बांध कबूल केला पण बोलणं सुरू झालं नाही, तर त्याला समेट म्हणायला आमची जीभ कचरते. साताऱ्यात 'मनोमीलन' म्हटलं की नगरपालिकेतली दोन राजांच्या गटांची युतीच आठवते. शब्द एकमेकांच्या जागी वापरले की माणसं कागदावर सही एका गोष्टीला करतात आणि अपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धरतात. म्हणून हे पत्र.

या सगळ्यांच्या आधी येतो तो ताळमेळ, आणि नेमका तोच वगळला जातो. पतसंस्थेची कॅशबुकातली शिल्लक आणि बँकेच्या उताऱ्यातली शिल्लक जुळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कुणीच खोटं नसतं. दिलेला चेक अजून वटलेला नसतो, भरलेला चेक जमा व्हायचा असतो, बँकेने कमिशन कापलेलं असतं आणि त्याची नोंद इकडे झालेली नसते. एकेक नोंद समोरासमोर ठेवून खूण करत गेलं की फरकाचं कारण सापडतं. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेलेत का ते आधी पाहावं : ५,४०० चे ४,५०० झाले की ९०० चा फरक दिसतो. घाईत असलेला लेखनिक मात्र फरक उचंत खात्याला, म्हणजे न उलगडलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्याला, टाकतो. ताळेबंद त्या वर्षी जुळतो, फरक जागेवरच राहतो आणि तीन वर्षांनी तो कुणालाच उलगडत नाही.

जमिनीच्या वादात अशी उचंत खाती फार असतात. सातबारा एका गटाचा आणि वहिवाट शेजारच्या गटात, ही स्थिती आपल्या भागात नवी नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गट पाडले गेले तेव्हाच बऱ्याच ठिकाणी कागद आणि नांगर यांची फारकत झाली. त्यासाठी शासनाने २०२३ साली आणलेल्या योजनेचं नावच 'सलोखा' आहे. पहिल्याची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा परस्पर ताबा किमान बारा वर्षे असेल तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये. क्षेत्र कमीजास्त असलं तरी चालतं. तलाठ्याकडे अर्ज, मंडळ अधिकाऱ्यासह जागेवर पंचनामा, लगतच्या गटांतल्या शेतकऱ्यांच्या सह्या, पंचनाम्याचं प्रमाणपत्र दस्ताला जोडून नोंदणी आणि मग फेरफार, म्हणजे सातबारावर नावं बदलण्याची नोंद, असा क्रम आहे. अडतं ते बहुधा सहहिस्सेदारांपाशी. सातबारावर नाव असलेली, जतला किंवा मुंबईला दिलेली बहीण सहीला आली नाही तर दस्त होत नाही. एकाच बाजूचा ताबा असेल, किंवा जमीन बिगरशेती झालेली असेल, तर ही योजना लागू नाही.

२००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गृहमंत्री आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील होते. गावातच बसून वाद मिटवावा, या विचाराशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. पण जमिनीचा वाद पारावर मिटला आणि नुसत्या स्टॅम्पवर नोटरी झाली, तर मालकी बदलत नाही. पुढची पिढी तोच कागद घेऊन कोर्टात येते.

कोर्टात तडजोड लिहितानाही दोन चुका सारख्या होतात. दाव्यात नसलेला एखादा गट 'तोही याच्यातच मिटवून टाकू' म्हणून तडजोडपत्रात घातला जातो. त्या गटापुरती नोंदणी लागतेच, कोर्टाच्या नुसत्या हुकूमनाम्यावर भागत नाही. दुसरं, वारसांत अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेलं, मूल असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर ते मूल पुढे ती तडजोड टाळू शकतं. लोकन्यायालयाचा निवाडा तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अंतिम आहे, त्यावर अपील नाही. कोर्ट फी परत मिळते, हे सगळे सांगतात. अपील नाही, हे सहीच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

नांदायला जाण्याच्या प्रकरणांत आमचं मत स्पष्ट आहे : पोटगीचा अर्ज त्याच दिवशी काढून घेऊ नये. तारीख पुढची घ्यावी, तोवर घरात राहून पाहावं. दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, माहेरी कधी जायचं, दागिने कुणाजवळ, हे कागदावर यावं. 'गुण्यागोविंदाने नांदतील' या एका ओळीने काहीच ठरत नाही.

१७३१ साली सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांत वारणेचा तह झाला. त्यात नदीची हद्द तर ठरलीच, पण एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, इतकं बारीकही लिहिलं गेलं. मनं जुळतील तेव्हा जुळतील. भांडण पुन्हा कुठून उठेल ते ओळखून ती वाट आधी बंद केली होती.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या लोकन्यायालयाची बातमी देताना एकच आकडा छापू नये. पैशाच्या तडजोडी किती, जमिनीच्या किती, पुन्हा नांदायला गेलेली जोडपी किती, हे वेगवेगळं द्यावं. आणि सहा महिन्यांनी वार्ताहर पाठवून जमिनीच्या प्रकरणांतले फेरफार मंजूर झाले का, तेही विचारावं.

आपले,
दिवाणी दावे आणि सहकारी संस्थांचे हिशेब यांत काम करणारे काही वाचक, सांगली