रात्री दुखतं का, एवढंच सांग

प्रिय आदित्य,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आपटलास. ठेवलास म्हण, पण मला आपटल्यासारखाच वाटला. "तीस वर्षं वॉर्डात काढलीस, तुला घरातही पेशंटच दिसतात" हे तुझं बोलणं खोटं नाही. ताईही तेच म्हणते. म्हणून गुडघ्याबद्दल चकार शब्द लिहायचा नाही, असं ठरवून बसले होते. संघाचा कर्णधार झालास ते बाबांकडून कळलं, त्याबद्दलच लिहिणार होते.

पण मी एकच विचारलं होतं, रात्री दुखतं का? त्यावर तू म्हणालास, पडलो, एक्स-रे नॉर्मल आहे. हे काही उत्तर नव्हे, राजा. माराचं दुखणं दिवसागणिक उतरत जातं. तुझे तीन आठवडे झाले आणि तूच म्हणतोस, वाढतंय. तुझ्या वयाची कितीतरी मुलं वॉर्डात आली, प्रत्येकाला कुठेतरी पडल्याचं आठवायचंच. पडणं निमित्त असतं, आधीपासून आत असलेल्या दुखण्याकडे त्यामुळे लक्ष जातं. आणि वाढीच्या वयात हाडाची वाईट गाठ बहुधा गुडघ्याजवळच धरते, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, नाहीतर नडगीच्या वरच्या.

बघ, झाली माझी सुरुवात. माफ कर. असल्या गाठी फार क्वचित होतात, तुझं तसं काही नसणारच. रात्री ठणकणारी पण अगदी साधी, छोटी गाठही असते. वेदनाशामक गोळी घेतली की जादू केल्यासारखी गप्प बसते. पण गोळी घेऊन झोपलास आणि झोप लागली, तर त्याला 'रात्री दुखत नाही' म्हणू नकोस. गोळीशिवाय एक रात्र काढून सांग.

ताईच्या वेळी तू नव्हतास. अडीच वर्षांची होती. ताप, पाय टेकवेना, कपडे बदलायला गेलं की किंचाळायची. आणि मी, हाडांच्या वॉर्डातली सिस्टर, दोन दिवस 'कुठेतरी पडली असेल' म्हणत राहिले. शेवटी बाबांनीच तिला रात्री उचलून नेलं. खुब्यात सुई घातली तर पू. डॉक्टर मला एका शब्दानेही रागावले नाहीत, ते जास्त लागलं. सांध्यातला पू काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खाऊन टाकतो, खुब्यात तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठाही तोडतो. त्याच रात्री खुबा उघडून धुतला. नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, गेला आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला, बहुतेक वेळा तोच निघतो. आता ताई दोन-दोन पायऱ्या एकदम चढते आणि मी मागून तिची चाल बघत राहते. तिला ते आवडत नाही.

तुझा एक्स-रे पडल्यावर तिसऱ्या दिवशी काढलेला. हाडात जंतुसंसर्ग झाला तर पहिले दहा-चौदा दिवस एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणून पुन्हा काढ, समोरून आणि बाजूने. सोबत सीबीसी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या. शंका उरली तर एमआरआय. तोवर मालीश नको, कुणी कितीही छान करून देत असलं तरी. आणि उरलेल्या कुणाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊ नकोस, मग कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि सगळेच चाचपडत बसतात.

आमचे सर म्हणायचे, पू वाटला तरी बायोप्सी करा, म्हणजे तुकडा काढून तपासा, गाठ वाटली तरी कल्चर लावा. एका मुलाला ताप, ईएसआर वाढलेला, पाय लाल; हाडात पू आहे असंच सगळ्यांनी धरलं होतं. निघाला ईविंग सार्कोमा, हाडाचा कॅन्सर. त्याची बायोप्सी पुढे ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनीच घेतली होती, हे त्याचं नशीब. कारण सुईची वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. भलत्या जागी छेद गेला तर वाचणारा पाय जातो. त्याला आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. केस गेले, पाय राहिला. पूर्वी पाय काढण्यावाचून इलाज नसायचा.

हे सगळं तुला कशाला सांगतेय? तुला घाबरवायला नाही. मला त्या दोन दिवसांचं अजून वाटतं म्हणून.

फोन करायचा नसेल तर करू नकोस. 'हो' किंवा 'नाही' एवढं लिहून पाठव. ताप आला, गुडघा सुजून वाकेनासा झाला, तर मात्र मला कळवत बसू नकोस, थेट हॉस्पिटलमध्ये जा, मग रात्र असो की मॅच असो.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारत होते, कोणता गुडघा? मी ठोकून दिलं, डावा. तू सांगितलंच नाहीस.