गालिचा घ्या, पण चिकटवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात बेडरूम सजवायचं पान आलं होतं, त्यात बेडरूमभर क्रीम रंगाचा वॉल टू वॉल गालिचा घाला म्हणजे खोली उबदार वाटते असं लिहिलंय. लिहिणारं माणूस घाटावरचं असावं, कारण ज्याने रत्नागिरीत एक आषाढ काढलाय तो असला सल्ला देणार नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने घरात टाकलेला टॉवेल सकाळीसुद्धा दमटच, लाद्यांना घाम येतो, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, आणि तुम्ही सांगताय जमिनीला गमने गालिचा चिकटवा. उबदार कसला, कुबट होईल.

गालिचा घेऊच नका असं मी म्हणत नाही. घरात वयस्कर माणूस असलं की पहाटे उठून गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर पाय टाकताना धास्ती वाटते, गुडघे दुखणाऱ्यांना गार लादी सोसत नाही, पोरं खाली लोळूनच अभ्यास करतात. हौस म्हणूनही घ्यावा, कोण नको म्हणतंय. फक्त सुटा घ्या, उचलून गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, टाकून झोडपता येईल असा. आणि पैसे मोजकेच असतील तर सुटाच परवडतो.

हिशोब बघा. बेडरूम १० बाय ११ ची, म्हणजे ११० चौरस फूट. समजा भाव ४५ रुपये फूट, तर ४९५० होतात आणि आपण खूश होतो. पण वॉल टू वॉलचा रोल साधारण १२ फूट रुंद येतो, त्यातून कापताना खोलीची ११ फुटांची बाजू रोलच्या रुंदीत धरली तर १२० फुटांचे पैसे लागतात आणि १० फुटांची धरली तर १३२ चे, म्हणजे त्याच खोलीला एकाने ५४०० सांगितले आणि दुसऱ्याने ५९४०, आणि दोघांचा भाव एकच! शिवाय गालिच्याखालचा फोम वेगळा, गम वेगळा, दाराजवळची ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, फिटिंगची मजुरी, टेम्पो. हे सगळं माप घेऊन गेल्यावर हळूहळू बाहेर येतं. म्हणून पहिल्यांदाच विचारायचं, घरात अंथरून झाल्यावर एकूण किती, आणि ते कागदावर लिहून घ्यायचं. पक्कं बिल मागा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गालिच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या टक्क्याने कोण लावत असेल तर दाखवून द्या.

आता तेच पलंगाच्या दोन बाजूंना ३ बाय ६ चे दोन तुकडे टाकलेत तर ३६ फूट, त्याच भावाने १६२० रुपये. पाय टाकायची जागा तेवढीच तर असते, पलंगाखाली गालिचा घालून कोणाला दाखवायचाय? दुकानात रोलचे उरलेले कटपीस असतात ते मागून बघा, पुढे मांडलेले नसतात, मागच्या बाजूला गुंडाळून ठेवलेले असतात, ते अजून कमीत मिळतात, कडा मात्र शिवून, इंटरलॉक करून घ्यायच्या नाहीतर दोरे सुटत जातात. आणि खाली ती रबरी जाळी मिळते ती टाका, नाहीतर सुटा तुकडा लादीवर सरकतो आणि ज्या माणसासाठी घेतला तेच पडायचं.

मालाचं बोलायचं तर आपल्याकडे पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा. पाणी धरत नाही, धुतला तर लवकर वाळतो, आणि स्वस्तही असतो. तो दबतो लवकर, नायलॉनसारखा परत उभा राहत नाही, हे खरंय, पण बेडरूममध्ये वर्दळ ती किती, त्यासाठी हॉलचा जाड माल घेऊन पैसे घालवायची गरज नाही. दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, कडेचा एक दोरा मागून घ्या आणि पाण्याच्या ग्लासात बुडवून सोडा, पॉलिप्रॉपिलीन असेल तर वर येऊन तरंगतो, नायलॉन-पॉलिएस्टर तळाला जातं. मग सॅम्पल उलटा दुमडून बघायचा, दुमडीत खालचं कापड लगेच दिसलं तर विणकाम विरळ आहे, लव कितीही लांब असली तरी. आणि पाठ, म्हणजे खालची बाजू, कशाची आहे ते बघा. ज्यूटची पाठ इथे नको म्हणजे नको.

का नको ते सांगते. आमच्या आळीत मुंबईकरांचं घर आहे, मे महिना झाला की कुलूप लागतं ते गणपतीला उघडतं. त्यांनी हौसेने वरच्या नाही, तळमजल्याच्या बेडरूममध्ये गालिचा चिकटवून घेतला होता, दुकानवाल्याने खोली बघून ओलीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दार उघडल्याबरोबर वास. कोपरा ओढला तर सगळा एकसंध वर येईना, ज्यूट काळं पडून लादीलाच राहिलं, गमचा चिकट थर, त्यावर पांढरी बुरशी, आणि भिंतीच्या कडेने वाळवीची मातीची रेघ थेट गालिच्याखाली गेलेली. त्या घरातल्या ताईंना दमा, त्या रात्रभर ओटीवर झोपल्या. जांभ्याच्या भिंती पाणी ओढतात, जुन्या घरांना खालून ओल येते, वरून गालिच्याने झाकण घातलं की ती जाणार कुठे? पीव्हीसीची मॅट चिकटवली तरी हाच प्रकार, वरून पुसायला सोपी एवढंच.

ज्यांना तरीही पूर्ण खोलीला घालायचाच आहे त्यांनी आधी एक करावं. जाड प्लॅस्टिकचा चौकोन लादीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून एक दिवस ठेवा, तोही पावसाळ्यात, एप्रिलात नाही. खालच्या बाजूला पाणी जमलं तर विषय संपला. आणि दाराखाली किती फट आहे ते बघा, आमच्याकडे लाकडी दारं पावसात फुगतात, उन्हाळ्यात मापलेली फट जुलैत राहत नाही, मग फोम आणि गालिचा मिळून दार अडतं आणि सुताराला बोलवा, तो गणपतीआधी मिळत नाही.

रंगाचं तर सांगायलाच नको. आमची तांबडी माती आणि क्रीम गालिचा, कोणाची कल्पना ही? विटकरी नाहीतर चॉकलेटी घ्या.

सोलापूरकडची नाहीतर वारंगळ, नवलगुंदची सुती सतरंजी मला स्वतःला गालिच्यापेक्षा आवडते, पण सूत पाणी धरतं, ती दसऱ्यानंतर काढायची आणि मिरगाआधी कडक उन्हात वाळवून डांबरगोळ्या घालून वर टाकायची. काथ्याची मॅट ओलीला टिकते पण पायाला बोचते, ती दाराबाहेर बरी.

तेव्हा पुढच्या वेळी असलं पान काढाल तेव्हा कोकण आवृत्तीसाठी चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. आणि त्याच पानाखाली 'फिटिंग फ्री'ची जाहिरात होती, त्या जाहिरातदारांना सांगा की फोम, गम आणि पट्टीचा दरही छापा, म्हणजे एसटीचं तिकीट काढून रत्नागिरीला जायच्या आधीच माणसाला हिशोब करता येईल.

आपली नेहमीची वाचक,
मालगुंड, जि. रत्नागिरी